उमेंद्रभाऊंचा विद्यार्थी व्हिसा

खत कंपनीच्या टूरवर थायलंडला गेलेले आमच्या भागातले सगळे दुकानदार जानेवारीच्या शेवटी परत आले. उमेंद्र रहांगडाले तेवढे आले नाहीत. त्यांनी घरच्यांसाठी घेतलेल्या वस्तूंची बॅग मात्र आली. चुन्नीलाल टेंभरे हे त्यांच्याच धंद्यातले, टूरमध्ये त्यांच्याच खोलीत राहिलेले. त्यांनी ती बॅग तिरोड्याला आणली आणि उमेंद्रभाऊंच्या कृषी केंद्रात काउंटरवर, त्यांच्या बायकोसमोर ठेवली. "ते तिथंच राहिले, वहिनी," एवढं बोलून ते चहालाही न थांबता गाडीत जाऊन बसले.

माझं झेरॉक्सचं दुकान त्या कृषी केंद्राच्या समोर आहे, त्यामुळे हे सगळं मी बसल्या जागेवरून पाहिलं. दुर्गेश्वरीवहिनींनी बॅग उघडली, सुकवलेल्या आंब्याचं पाकीट काढलं, एक फोड तोंडात टाकली आणि समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला युरियाची पावती फाडून दिली. चुन्नीलालजींना वाटलं होतं तसं काही झालं नाही, कारण वहिनींना आदल्या दिवशीच नवऱ्याचा फोन आला होता. फोनवर उमेंद्रभाऊ म्हणाले की मी आत्ता येत नाही, थोडे दिवस राहून येतो.

"काऊन?" वहिनींनी विचारलं.

"मालिश शिकून राहिलो."

वहिनींनी फोन ठेवून दिला. ताप आला म्हणाले असते, पासपोर्ट हरवला म्हणाले असते, तर त्यांची समजूत पटली असती. पण बँकॉकला राहून मालिश शिकतो असं कोणत्या नवऱ्यानं बायकोला सांगावं?

वहिनींची पंचाईत अशी की त्यांना खोटं बोलता येत नाही. कोणी विचारलं की त्या सरळ सांगत, "मालिश शिकून राहिले." ऐकणारा मान हलवायचा, दोन पुड्या बियाणं घ्यायचा आणि रस्ता ओलांडून माझ्याकडे येऊन हसायचा. आमच्याकडे थायलंड या शब्दालाच लोक डोळा मारतात. त्यातून उमेंद्रभाऊंसारखा माणूस! दुकान बंद करून थेट घरी जाणारा, पानसुद्धा न खाणारा, लग्नाच्या वरातीत बँडपासून लांब चालणारा. असा माणूस बिघडला म्हटल्यावर गावाला केवढा आनंद. पानठेल्यावर तर कोणी त्यांचं दुसरं लग्नही लावून टाकलं. उमेंद्रभाऊंचे वडील शालीकरामबाबूजी ऐंशीच्या घरातले. ते एकदा माझ्याकडे काठी टेकत आले आणि थायलंडला कोणती गाडी जाते असं विचारू लागले. गाडी जात नाही, विमानानं जावं लागतं म्हटल्यावर म्हणाले, "मंग कोण आणंल त्याले?"

खरं काय घडलं होतं ते आता आम्हाला सगळ्यांना पाठ आहे, कारण उमेंद्रभाऊ ते फार रंगवून सांगतात.

ते आहेत धिप्पाड. पंजा असा की त्यात अख्खं पपनस मावावं. तरुणपणी खताची पोती स्वतः उतरवायचे. पुढे हमाल आले तरी सवय गेली नाही, आणि त्यातच उजवा खांदा धरला. हात वर जाईना. वर्षभर ते डाव्या हातानं भांग पाडत होते. गोंदियाच्या डॉक्टरांनी व्यायाम लिहून दिला, तो त्यांनी देवघरात ठेवला. टूरला जातानाही बॅग चुन्नीलालजींनीच वर चढवली होती.

बँकॉकला गाइडनं त्यांना एक देऊळ दाखवायला नेलं. देवळाच्या मागच्या गल्लीत मालिश शिकवणारी एक शाळा होती. दारात चपला, आत ओळीनं चटया, आणि शिकणारी मंडळी एकमेकांवर हात चालवताहेत. उमेंद्रभाऊ पाय दुखले म्हणून पायरीवर टेकले. आतून एक म्हातारी बाई आली. किडकिडीत, पांढरे केस बारीक कापलेले. तिनं त्यांच्या खांद्याकडे एकदा पाहिलं आणि काही न विचारता बगलेखाली अंगठा रोवला. भाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. बाई मधून मधून एकच विचारत होती, "चेप मै? चेप मै?" भाऊंना वाटलं, बाई मराठीत विचारते आहे, चेपू का? ते म्हणत गेले, चेप, चेप. आणि बाई जिथं दुखतंय तिथंच अंगठा ठेवून थांबत गेली. त्या भाषेत 'चेप' म्हणजे दुखणं हे त्यांना फार उशिरा कळलं.

खांदा एका बैठकीत बरा झाला नाही. पण हात कानापर्यंत गेला. भाऊंनी तो तिथंच पायरीवर बसून पुन्हा पुन्हा कानाला लावून पाहिला.

दुसऱ्या दिवशी बाकीचे समुद्रावर गेले आणि हे पुन्हा त्या गल्लीत. तिसऱ्या दिवशीही. आता त्यांना खांद्यापेक्षा त्या चटयांचं वेड लागलं होतं. तळपायापासून मानेपर्यंत कुठून कुठे रेघा जातात, कुठे तळवा लावायचा, कुठे कोपर, कुठे नुसतं थांबायचं. दुकान बाबूजींनी काढून दिलं म्हणून ते त्यावर बसले होते. कॉमर्सला घातलं म्हणून बी.कॉम. झाले होते. आपण होऊन काही शिकावं असं त्यांना सत्तेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा वाटलं, आणि वाटलं ते असं की परतीच्या विमानाच्या दिवशी त्यांनी खरेदीची बॅग चुन्नीलालजींच्या हातात दिली आणि हॉटेलच्या दारातच थांबले.

राहायची सोय कशी झाली, तर बँकॉकच्या कापड बाजारात पुष्कळ सरदारजी आहेत आणि तिथं गुरुद्वारा आहे. भाऊ हिंदीच्या आवाजाच्या मागावर तिथं पोचले. लंगरात जेवले, भांडी घासली, आणि त्रिलोचन सिंग नावाच्या कापडाच्या व्यापाऱ्याशी बोलणं झालं. गोंदियाचे म्हटल्यावर सरदारजींना फार आपलेपणा वाटला, कारण त्यांचे मामा रेल्वेत होते आणि कधीकाळी तिथं बदलीवर राहिले होते. त्यांनी दुकानाच्या वरची खोली दिली.

शाळेचा पहिला छोटा अभ्यासक्रम टुरिस्टच्या मुदतीत बसला. त्या बाईंचं नाव आनोंग. सगळे त्यांना 'ख्रू' म्हणत. ख्रू म्हणजे आपला गुरूच, हे सरदारजींनी सांगितलं. ख्रू आनोंगनी भाऊंना सांगितलं की तुमचे हात चांगले आहेत, डोकं घाईत आहे, मोठा अभ्यासक्रम करा. पण तो काही महिन्यांचा. टुरिस्ट म्हणून आलेल्याला तेवढं राहून शिकता येत नाही. त्यासाठी मुदत संपायच्या पुरेशी आधी अर्ज करून टुरिस्टचा विद्यार्थी व्हावं लागतं. देश सोडायला नको, तिथल्या तिथं होतं. शाळा आपलं पत्र देणार होती, सरदारजी राहण्याच्या जागेचं देणार होते. आणखी एक लागत होतं, शेवटच्या परीक्षेची मार्कशीट. ती तिरोड्याला, घरातल्या लोखंडी पेटीत, दुर्गेश्वरीवहिनींच्या ताब्यात.

भाऊंनी पुन्हा फोन केला. एव्हाना वहिनी बोलत होत्या, पण दुकानाचंच बोलत. उन्हाळी धानाची रोपं लागली होती, खताला गर्दी होती, नोकर बिसराम आणि त्या मिळून सगळं रेटत होत्या. खरं सांगायचं तर दुकान आधीपेक्षा चांगलं चालत होतं, कारण वहिनी तोंडावर सांगत की या औषधाची तुले गरज नाई, आणि लोकांना ते आवडायचं. मार्कशीटचं ऐकून त्या म्हणाल्या, पाहतो. आमच्याकडच्या बायका असंच बोलतात, पाहतो, जातो.

दोन दिवसांनी त्या मार्कशीट घेऊन माझ्याकडे आल्या. मी ती स्कॅन करायला मशीनवर ठेवली, तर म्हणाल्या, "नोका करू, भाऊजी. नुसती झेरॉक्स काढा अन् माह्या पासपोर्टची बी काढा."

वहिनींकडे पासपोर्ट होता, याला कारण होतं. कंपनीनं ही टूर आधी जोडप्यासाठी जाहीर केली होती. दोघांनी उत्साहानं नागपूरला जाऊन पासपोर्ट काढले. वहिनींनी नवी चप्पलही घेतली. मग कंपनीनं फक्त दुकानदारच न्यायचं ठरवलं आणि वहिनींचा पासपोर्ट कोराच राहिला. त्यांनी त्यावरून घरात कधी शब्द काढला नव्हता.

मी विचारलं, तुम्ही जाऊन राहिल्या काय?

"हो," त्या म्हणाल्या. "डोळ्यानं पायतो, मंग कागद देतो. लोकायच्या बोलण्यावर नाई देत अन् त्यायच्या बोलण्यावर बी नाई देत."

मला वाटलं, बाबूजी अडवतील. बाबूजींनी उलट आपला लोकरीचा मफलर दिला, विमानात थंडी वाजते म्हणून कोणीतरी त्यांना सांगितलं होतं. लेक भूमिका नागपूरला नर्सिंग शिकते, तिनं तिकिटं काढून दिली. कोणती रांग, कोणता पट्टा, कुठे काय दाखवायचं, हे तिनं आईला फोनवर इतक्यांदा सांगितलं की शेवटी वहिनी तिलाच ओरडल्या. गोंदियाहून हावड्याची गाडी, कलकत्त्याहून विमान. आयुष्यात त्या एकट्या रायपूरच्या पुढे गेल्या नव्हत्या.

बँकॉकच्या विमानतळावर भाऊ घ्यायला आले होते. वाळले होते, आणि उजव्या हातानं भांग पाडलेला होता. वहिनींनी ते पाहिलं, पण दाखवलं नाही. खोलीवर चला म्हणाले, तर म्हणाल्या, पहिले शाळा दाखवा.

तो प्रसंग मी दोघांच्याही तोंडून ऐकला आहे. वहिनी भिंतीला टेकून बसल्या. चटयांवर निरनिराळ्या देशांची पोरंपोरी, बहुतेक भूमिकाच्या वयाची, आणि मध्ये यांचा नवरा, गुडघ्यांवर बसलेला, कपाळाला घाम. ख्रू आनोंग त्यांच्या कोपरावर फूटपट्टीनं टकटक करत होत्या. वजन हातानं नाही, कमरेतून दे. पुन्हा. चुकलं. पुन्हा. भाऊ मान खाली घालून हो हो म्हणत होते. तिरोड्यात या माणसाला कोणी 'अरे' म्हणत नाही. कंपनीचा मोठा साहेबही उभा राहून बोलतो. वहिनींना हसू यायला लागलं. त्यांनी पदर तोंडाला लावला, तरी थांबेना. पोटात साठलेली सगळी भीती, पानठेल्यावरचं सगळं बोलणं त्या हसण्यात वाहून गेलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा ख्रूंनी वळून पाहिलं, सगळं समजल्यासारखी मान हलवली आणि मोकळ्या चटईकडे बोट दाखवलं. नवऱ्याची परीक्षा बायकोवरच व्हायची होती.

वहिनी कपडे बदलून आडव्या झाल्या. शाळेची सैल विजार घालावी लागली, त्याचीच जास्त लाज. भाऊंनी हात जोडले, तिथली रीतच आहे ती, आणि त्यांच्या तळपायांवर हात ठेवला. शाळेत शिकवल्याप्रमाणे विचारलं, "चेप मै?"

"चेपा ना," वहिनी म्हणाल्या. "इचारता कायले?"

अर्थ फक्त भाऊंना कळला आणि त्यांना हसू आवरेना. सगळा वर्ग काय झालं म्हणून पाहू लागला. त्यांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, मग एका मुलीनं ते थाईत ख्रूंना सांगितलं, आणि ख्रू आनोंग, ज्यांना हसताना कोणी पाहिलं नव्हतं, त्या फूटपट्टी छातीशी धरून हसल्या.

मग भाऊ नीट काम करू लागले. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी सासूचे पाय चेपले, बाबूजींचे चेपले, पोरीचे चेपले. आपले पाय कोणी चेपावेत हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. हा माणूस तसा वाईट कधीच नव्हता, पण ग्लास उचलून ठेवायचं त्याला सुचत नसे. आता तोच प्रत्येक बोटाशी थांबत होता, कुठे दुखतं ते विचारत होता आणि उत्तराची वाट पाहत होता. पोटरीपर्यंत पोचला तोवर वहिनींना झोप लागली. जाग आली तेव्हा वर्ग सुटला होता. अंगावर पातळ पांघरूण होतं आणि भाऊ शेजारी बसून राहिले होते.

"कागद आणला काय?" त्यांनी हळूच विचारलं.

वहिनींनी मार्कशीट काढून दिली.

इमिग्रेशनच्या ऑफिसात पहिल्या दिवशी काम झालं नाही. रहांगडाले हे आडनाव शाळेच्या पत्रात एक तऱ्हेनं, पासपोर्टवर दुसऱ्या तऱ्हेनं आणि मार्कशीटवर तिसऱ्याच तऱ्हेनं लिहिलेलं होतं. सरदारजींनी धावपळ करून शाळेचं पत्र बदलून आणलं. मार्कशीटचा माणूस तोच आहे असं एक हमीपत्र करून घेतलं. दुसऱ्यांदा गेले तेव्हा काउंटरवर एक तरुण अधिकारी बाई होती. तिनं फोटो पाहिला, भाऊंकडे पाहिलं, पुन्हा जन्मतारीख पाहिली. इंग्रजीत विचारलं की तुमचा व्यवसाय खतांचा, मग या वयात मालिश कशाला?

भाऊंनी रात्रभर पाठ केलेलं इंग्रजी त्या क्षणी साफ गेलं. मग ते हातांनीच सांगू लागले. कंबरेत वाकून चिखलात रोपं लावणाऱ्या बायका दाखवल्या, एक रोप, दुसरं रोप, मागे सरकत, दिवसभर. मग कंबरेवर हात ठेवून उभं राहणं दाखवलं. "माय व्हिलेज," म्हणाले, "ऑल लेडीज, चेप." एवढा मोठा माणूस त्या चकचकीत ऑफिसात रोवणी करून दाखवतो आहे हे मागची रांगही माना उंचावून पाहू लागली. ती अधिकारी बाई म्हणाली, माझी आजीही भातच लावायची. आणि तिनं शिक्का उचलला.

टुरिस्टचा विद्यार्थी झाला. वहिनींनी पासपोर्टच्या त्या पानाचा नाही, तर शाळेच्या दारात ख्रूंच्या शेजारी हात बांधून उभ्या असलेल्या नवऱ्याचा फोटो काढला आणि दुकानदारांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आमच्या घरचा विद्यार्थी.' पहिला अंगठा चुन्नीलालजींचा आला. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन करून वहिनींची माफी मागितली. पानठेल्यावरचं लग्न त्यांनी लावलं नव्हतं, पण मोडलंही नव्हतं, असं म्हणाले.

वहिनींना लगेच परतायचं होतं, पण आलोच आहोत तर म्हणून आठवडाभर राहिल्या. नदीतल्या बोटीत बसल्या, गुरुद्वारात पोळ्या लाटल्या, बाबूजींसाठी मलम घेतलं. उरलेला वेळ शाळेत भिंतीला टेकून बसत. तिकडे त्या पाहुण्या होत्या, नाव घातलेलं नव्हतं, पण त्यांचे डोळे चटयांवरून हलत नसत. निघताना ख्रूंनी त्यांचे दोन्ही हात धरून पाहिले आणि भाऊंना काहीतरी म्हणाल्या. भाऊंनी ते बरेच दिवस सांगितलं नाही. मग एकदा सांगितलं. ख्रू म्हणाल्या होत्या की हिचे हात तुझ्यापेक्षा चांगले आहेत.

मृग लागायच्या सुमारास भाऊ परत आले. स्टेशनवर बाबूजी गेले होते, चुन्नीलालजी हार घेऊन गेले होते, मीही शटर ओढून गेलो होतो. दुकानामागची खोली रिकामी झाली, तिथे चटया आल्या. पुरुषांसाठी भाऊ. हमाल, ट्रकवाले, पॉवर प्लांटमधून पाळी संपवून येणारे कामगार. बायकांना भाऊंनी हात लावणं आमच्याकडे चाललं नसतं, म्हणून रोज दुपारी दार लावून ते जे शिकले ते वहिनींना शिकवत. भाऊ म्हणतात, मला शिकायला महिने लागले, हिला आठवडे. मोडलेलं हाड, फार सूज, ताप असेल तर दोघंही हात लावत नाहीत, सरळ डॉक्टरकडे पाठवतात. ख्रूंनी तसं बजावलं आहे.

गेल्या पावसाळ्यात रोवणी आटोपली तेव्हा केशोरीहून वहिनींच्या मामेबहिणीचा, रविताचा फोन आला. तिच्या बचत गटातल्या बायकांच्या कमरा गेल्या होत्या, येशील का म्हणाली. वहिनी, भाऊ आणि गाडी चालवायला मी, असे आम्ही गेलो. समाजमंदिरात सतरंज्या अंथरलेल्या होत्या. पंचवीस-तीस बाया जमल्या होत्या, वहिनी एकट्या. त्यांनी सगळ्यांना जोडीनं बसायला सांगितलं. एक निजेल, दुसरी चेपेल, मग उलट. मी सांगतो तसं करायचं, वहिनी म्हणाल्या, घाई करायची नाही, आणि दर वेळी विचारायचं, दुखते काय.

भाऊंना आणि मला बाहेर काढून दार लावून घेतलं गेलं. आम्ही ओट्यावर बसलो, कोणीतरी चहा आणून दिला. आतून आधी नुसती हसाहशी ऐकू येत होती. कोणाला गुदगुल्या होत होत्या, कोणी सुनेला म्हणत होतं की आज तुझी पाळी पहिली, नीज तू. मग हळूहळू आवाज खाली गेला. वहिनींचा तेवढा सुरू होता, थांबत थांबत. भाऊ कान देऊन ऐकत होते आणि नकळत त्यांचे अंगठे चहाच्या कपावर दाब देत होते.

"बरोबर सांगून राहिली," ते मला म्हणाले, आणि आणखी एक चहा मागवला.